तळ्याकाठची विद्या



तीन आठवड्यांपूर्वी रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर एक जोडपे माझ्या कचेरीच्या दाराशी येऊन उभे राहिले. दोघांच्याही चेहऱ्यावर काळजी होती. त्यांची कन्या प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, चांगल्या गुणांनी झाली आहे, आणि आता हैदराबादेस जाऊन तळ्यांवर संशोधन करावयाचे म्हणते. आई म्हणाली, ‘फादर, तुम्हीच तिला चार शब्द सांगा. एवढे शिकविले ते काय बेडूक मोजायला?’ वडिलांचा प्रश्न निराळा होता. ‘पाच वर्षे ती तिकडे राहणार. पगार नाही, म्हणे शिष्यवृत्ती. मग पुढे काय? आणि लग्नाचे काय?’

त्यांना तेथल्या तेथे उत्तर देणे मला जमले नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हते. योगायोगाने पुढच्याच आठवड्यात एका बैठकीसाठी मला हैदराबादेस जावयाचे होते. तेथे मी थोडे पाहिले, थोडे विचारले, परत आल्यावर थोडे वाचले. त्या कुटुंबाच्या अनुमतीने ते उत्तर येथे लिहीत आहे. असा प्रश्न आज आपल्या एकाच घरात उभा आहे असे मला वाटत नाही.

हैदराबाद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चारमिनार आणि मोत्यांची दुकाने येतात. मराठी माणसाला ते शहर परके नाही. आपल्या मराठवाड्याचा कारभार १९५६ पर्यंत तेथूनच चाले. परंतु त्या शहराची खरी ओळख पाण्याची आहे, हे मला या खेपेस कळले. हुसेनसागर हा तलाव १५६२ च्या सुमाराचा, कुतुबशाही अमदानीतला. आणि चारमिनार १५९१ चा. म्हणजे आधी तळे झाले आणि मागाहून शहर वसले. तेलंगणात मोठ्या तळ्यास ‘चेरुवू’ म्हणतात आणि लहानास ‘कुंटा’. काकतीय राजांच्या काळापासून ही तळी माळेतल्या मण्यांसारखी बांधीत आले आहेत : वरचे भरले की त्याचा सांडवा खालच्यात जाई, खालचे भरले की त्याच्याही खालच्यात. पठारावरच्या बेभरवशाच्या पावसाला माणसाने दिलेले ते उत्तर होते.

या पाण्याने त्या शहराला एकदा भयंकर फटकाही दिला आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला आणि सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे सांगतात. अफजलगंज भागातील रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे; त्यावर चढलेली दीडशे माणसे वाचली. त्यानंतर निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे दोन जलाशय झाले. पूर अडला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. पुढे या दोन तलावांभोवती दहा किलोमीटरपर्यंत कारखाने व मोठी बांधकामे होऊ नयेत म्हणून १९९६ मध्ये सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढला. २०२२ मध्ये सरकारनेच ते निर्बंध उठविण्याचे ठरविले आणि त्यावरून मोठा वाद झाला. मधल्या काळात शहरातील कितीतरी कुंटा भरल्या गेल्या, त्यांवर वस्त्या उठल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा पाण्याने आपली जुनी वाट शोधली, आणि ती वाट लोकांच्या दिवाणखान्यांतून जात होती.

विश्वेश्वरय्यांच्या स्थापत्यशास्त्राचा प्रश्न ‘पाणी किती?’ हा होता. आपली मुलगी जे शास्त्र शिकू इच्छिते, त्याचा प्रश्न ‘पाणी जिवंत आहे काय?’ असा आहे. त्याला गोड्या पाण्याचे परिसरविज्ञान म्हणतात. नाव जड आहे, पण विषय आपल्या विहिरीइतका जवळचा.

हैदराबादेत या विद्येची परंपराही जुनी आहे. उस्मानिया विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ झफर यांनी १९५०-६० च्या दशकांत तेथील मत्स्यतळी आणि हुसेनसागर यांतील शेवाळांचा अभ्यास केला. वेंकटेश्वरलू यांनी मुसी नदीत सांडपाणी मिसळते तेथे कोणती शेवाळे टिकतात व कोणती नाहीशी होतात हे पाहिले. त्यांचा निबंध १९६९ मध्ये हॉलंडच्या ‘हायड्रोबायॉलॉजिया’ या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात मुनावर यांनी हैदराबादच्या तळ्यांवर लिहिले. हे मुनावर पुढे कॅनडात गेले आणि तेथील महासरोवरांतील सूक्ष्म वनस्पतींचे नामांकित अभ्यासक झाले. ज्या सरोवरांचा पैलतीर दिसत नाही, त्यांच्या अभ्यासाची पूर्वतयारी या गृहस्थाने दख्खनच्या लहानशा तळ्यांवर केली होती! शेवाळ खरवडणाऱ्या त्या तरुणांना त्या काळी त्यांच्या घरच्यांनी काय म्हटले असेल, याची मला कल्पना करता येते.

या जुन्या नोंदींचे मोल आज कळते. आज हुसेनसागर किती बिघडला हे कोणाला सांगावयाचे असेल, तर पूर्वी तो कसा होता हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. येथे मला माझीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका दुसऱ्या धर्मग्रामात असताना, मुलांच्या मैदानासाठी शेजारचे बावखल भरून काढण्यास मी संमती दिली. बावखल म्हणजे डासांचे घर, असे सर्वांचेच मत होते व माझेही. तीन उन्हाळे गेले आणि जवळच्या दोन विहिरींचे पाणी मचूळ झाले. बावखलात साठणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते, हे मला मागाहून समजले. तथापि त्या विहिरी त्या भरावामुळेच बिघडल्या असे मी आज छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही, आणि तसे नाही असेही म्हणू शकत नाही. कारण भराव घालण्यापूर्वी त्या विहिरींचे पाणी कोणीही तपासले नव्हते. ‘मोजायला’ या शब्दावर ती माउली हसली, तेव्हा मला हसू आले नाही ते यामुळे.

आता बेडकांविषयी. बेडकाची कातडी ओलसर व पातळ असते, आणि तो तिच्यातूनही श्वास घेतो. त्यामुळे पाण्यात विष मिसळले की ते त्याच्या अंगात थेट उतरते. म्हशीला किंवा माणसाला कळण्याआधी त्याला कळते. शिवाय तो पिकांवरचे किडे खातो. आपला देश एके काळी बेडकांच्या तंगड्या परदेशी विकीत असे. ही निर्यात १९८७ मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा शेतावरील किडींचा विचारही त्या निर्णयामागे होता. म्हणून ज्या तळ्यावर रात्री डराव ऐकू येत नाही, त्या तळ्याविषयी शास्त्रज्ञाला शंका येते. बेडूक मोजणे म्हणजे तळ्याची नाडी पाहणे होय.

ही नाडी कशी पाहतात? काही उपाय फार साधे आहेत. पाणी किती स्वच्छ आहे हे पाहण्यासाठी दोरीला बांधलेली एक गोल थाळी पाण्यात हळूहळू सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजतात. तिला ‘सेक्की थाळी’ म्हणतात. हे सेक्की म्हणजे रोमचे येशूसंघीय धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की. त्यांनी १८६५ मध्ये पोपमहाशयांच्या नौदलाच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशा थाळ्या सोडून पाहिल्या. ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला पाण्यात प्रकाश किती खोल जातो याचेही कुतूहल होते. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, महागडी यंत्रे आली, तरी जगभरच्या तळ्यांवर तीच थाळी अजून वापरतात. तळ्यांसाठी ती सुमारे वीस सेंटिमीटर रुंदीची आणि काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगविलेली असते. घरातील जुनी ताटली, थोडा रंग, एक वजन आणि खुणा केलेली दोरी एवढ्यावर ती कोणालाही करता येईल.

दुसरे मोजमाप प्राणवायूचे. दिवसा पाण्यातील शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खाते. सांडपाण्याने शेवाळ माजलेले असेल, तर पहाटेपर्यंत पाण्यातील प्राणवायू संपत येतो. लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली तो गेला की बहुतेक मासे तडफडू लागतात. सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले की गावात पहिली शंका येते ती कोणीतरी विष कालविल्याची. पुष्कळदा ते विष महिनोन् महिने गटारातून आपणच कालवीत असतो. म्हणूनच या संशोधकांना पहाटे चार वाजता तळ्यावर जावे लागते. आपल्या मुलीच्या आईने याची नोंद घ्यावी, कारण घरी तिला सात वाजता उठवावे लागते अशी तक्रार मी ऐकली आहे.

काही उपाय मात्र अगदी नवे आहेत. प्रत्येक जीव पाण्यात आपल्या कातडीचे, खवल्यांचे, विष्ठेचे कण सोडीत असतो. त्या कणांतील डी.एन.ए. वाचून, जीव न पकडता, त्या पाण्यात कोण कोण राहते हे ओळखता येते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राची, ज्याला सर्व जण सी.सी.एम.बी. म्हणतात त्याची, अत्तापूर भागात ‘लॅकोन्स’ नावाची प्रयोगशाळा आहे. नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या रक्षणासाठी ती काढलेली आहे. तेथील शास्त्रज्ञांनी ही पद्धत ओडिशातील चिल्का सरोवराच्या पाण्यावर पडताळून पाहिली. बेडकांना होणाऱ्या बुरशीच्या रोगाचाही तेथे अभ्यास चालतो. त्याच शहरात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे गोड्या पाण्यातील जीवांसाठीचे केंद्र आहे, उस्मानिया आणि हैदराबाद ही दोन विद्यापीठे आहेत. एका शहरात इतके असणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्यांना मुलीला इतक्या दूर पाठवावयाचे नसेल, त्यांनी आपल्या वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था पाहावी, तेथेही पीएच.डी. पर्यंत शिकता येते आणि संध्याकाळी घरी येता येते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देतो. संशोधनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा असते, ती ‘नेट’ या नावाने ओळखली जाते. जीवशास्त्रांसाठी ती सी.एस.आय.आर. व विद्यापीठ अनुदान आयोग यांची संयुक्त असते. तीत वरच्या क्रमात उत्तीर्ण होणाऱ्यास कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये करण्यात आली, शिवाय घरभाडे. ‘पगार नाही’ हे म्हणणे म्हणून बरोबर नाही. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. साठी किमान तीन व साधारणतः जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि बाळंतपण व संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. तेव्हा लग्न आणि संशोधन यांत एकच निवडा असे निदान सरकार तरी म्हणत नाही. आपणच म्हणतो.

आपल्या आदिवासी कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना निराळी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, आणि आदिवासी ख्रिस्ती मुलामुलींचाही तिच्यावर हक्क आहे. अल्पसंख्य समाजांसाठी मौलाना आझाद यांच्या नावे जी संशोधन शिष्यवृत्ती होती, ती मात्र केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. ती अजून मिळते असे समजून कोणी खोळंबून राहू नये.

उजळ बाजू सांगितली, आता दुसरीही सांगितली पाहिजे. शिष्यवृत्तीचे पैसे महिनोन् महिने अडतात, ही देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. पीएच.डी. नंतर कायमच्या जागा थोड्या आहेत. कोणी महाविद्यालयात शिकवितो, कोणी प्रदूषण नियंत्रण मंडळात किंवा स्वयंसेवी संस्थेत जातो, कोणी धरण-कारखान्यांच्या पर्यावरण अहवालांचे काम करतो, आणि त्या शेवटच्या कामात सचोटीची परीक्षा रोज असते. कित्येक जण परदेशी जातात. तेथील विद्यापीठांत बहुधा आधी प्राध्यापकालाच पत्र लिहावे लागते आणि त्यांच्याकडे प्रकल्पाचा पैसा असेल तर जागा निघते. पण देशी असो वा परदेशी, संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक पाहावा. त्याच्या हाताखालील जुन्या विद्यार्थ्यांना एकांतात विचारावे : गुरुजी वेळ देतात का, निबंधावर तुमचे नाव घालतात का, तळ्यावर जाण्याचा खर्च कोण करते? आणि आणखी एक प्रश्न विचारावा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ज्या गावाच्या तळ्यावर तुम्ही काम केले, त्या गावाला तुम्ही काय आढळले ते परत जाऊन सांगितले का?

कारण तळे हे कधीच एकट्या शास्त्रज्ञाचे नसते. तेलंगणात ते गंगपुत्र आणि मुदिराज कोळ्यांचे असते. आपल्या भंडारा-गोंदिया भागातील मालगुजारी तलाव घ्या. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव ढिवर लोकांच्या मासेमारीवर जगले. मध्यंतरी ते बेशरमच्या झुडपांनी भरले, बाहेरून आणलेल्या माशांनी आतील वनस्पती फस्त केल्या, आणि देशी मासे कमी झाले. तेथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांबरोबर काम केले. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो हे वृद्ध ढिवरांना ठाऊक होते; अभ्यासकांनी ते लिहून घेतले, आणि मग गावच्या स्त्रियांनी उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून त्या वनस्पती पुन्हा लावल्या. प्रयोगशाळेत बसून कोणाला हे सुचले नसते. आणि नुसत्या आठवणींवर विसंबून, न मोजता, ते टिकलेही नसते. आपल्या वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या डोहातील मासे देवाचे म्हणून कोणी धरीत नाही, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. तेही रक्षणच आहे. आपले हिंदू बंधू ते पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत.

कायदाही आता गावाच्या बाजूने आहे, फक्त तो कोणी उघडून पाहत नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत जैवविविधता समिती असावी लागते आणि तिने गावातील झाडे, मासे, पाणवठे यांची लोकनोंदवही ठेवावी लागते. हैदराबादजवळचे अमीनपूरचे तळे २०१६ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले तेही याच कायद्याखाली. आपल्या गावच्या नोंदवहीत किती बावखले लिहिली आहेत? मी परवा चौकशी केली. नोंदवही कपाटात आहे, असे कळले. कपाटाची चावी मिळाली की पुढचे लिहीन.

हे सर्व मी त्या जोडप्याला गेल्या शुक्रवारी त्यांच्या ओटीवर बसून सांगितले. आईने मध्ये दोनदा चहा केला. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘फादर, मागचे बावखल भरून तेथे दोन गाळे काढायचा माझा विचार आहे. पोरगी म्हणते, आधी मला दोन वर्षे मोजू द्या.’ मी त्यांना माझ्या त्या जुन्या मैदानाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पण त्यावर काही बोलले नाहीत. गाळ्यांच्या भाड्यावर धाकट्या मुलाचे शिक्षण व्हावयाचे आहे, हे मलाही ठाऊक आहे. पाण्याची बाजू मांडणे मला सोपे आहे. माझ्या डोक्यावर कर्ज नाही.

रविवारी दुपारी त्यांच्याकडून निरोप आला म्हणून गेलो. मुलीने जुन्या ताटलीला काळा-पांढरा रंग देऊन थाळी केली होती, खाली लोखंडी बिजागरी वजन म्हणून बांधली होती. बावखलाच्या काठी पाय निसरडा होता, तेव्हा दोरी वडिलांनीच धरली. ती वाकून पाहत होती आणि आई वहीत लिहीत होती. ताटली अडीच फुटांवर दिसेनाशी झाली. ‘मार्चमध्ये याहून गढूळ असते,’ वडील म्हणाले. ‘मग मार्चमध्येही मोजा, मी नसेन तेव्हा,’ ती म्हणाली. भरावाच्या गाड्यांचे काय ठरले ते मी विचारले नाही. येत्या मंगळवारी रात्रीच्या गाडीने ती हैदराबादेस निघते. वही तिने घरीच ठेवली आहे.